नव्या कार्यक्रमांची प्रेक्षकचाचणी आणि सूत्रसंचालिकांना मिळणारे कमी गुण

मैत्रेयी_कोथरूड

नवा कार्यक्रम पडद्यावर आणण्यापूर्वी वाहिन्या त्याचा पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, निवडक प्रेक्षकांना दाखवतात आणि त्यांची पसंती पाहून कधी मांडणी बदलतात, कधी प्रसारणाची वेळ, तर कधी थेट सूत्रसंचालकच. मालिकांच्या बाबतीत ही पद्धत मला समजू शकते. मात्र प्रश्नमंजूषा, गप्पा आणि रिअ‍ॅलिटी शो अशा कार्यक्रमांत, जिथे एकच व्यक्ती सगळा डोलारा सांभाळते, तिथे एक गोष्ट मला बरेच दिवस खटकते आहे. निवड पुरुषाची होते आणि ‘आम्ही काय करणार, प्रेक्षकांचाच कौल तसा होता’ असे म्हणून सगळे हात झटकून मोकळे होतात.

अमेरिकेतल्या ‘जेपर्डी’ या प्रश्नमंजूषेचे उदाहरण घेते, कारण तिथली निवड बरीचशी लोकांच्या डोळ्यांदेखत झाली. १९८४ पासून हा कार्यक्रम चालवणारे अ‍ॅलेक्स ट्रेबेक नोव्हेंबर २०२० मध्ये वारले. त्यानंतर २०२१ मध्ये पंधराएक पाहुण्या सूत्रसंचालकांना आळीपाळीने संधी देण्यात आली. त्यांत केटी कुरिक, मायिम बियालिक, सव्हाना गथ्री आणि रॉबिन रॉबर्ट्स अशा चार स्त्रिया होत्या, आणि आपले म्हणावेत असे डॉ. संजय गुप्ताही होते. निवडक प्रेक्षकगटांची मते घेतली गेली. ऑगस्टमध्ये निवड जाहीर झाली ती कार्यक्रमाचे कार्यकारी निर्माते माइक रिचर्ड्स यांची. बियालिक यांच्याकडे अधूनमधून होणारे विशेष भाग सोपवण्यात आले.

आपल्याकडेही ‘कौन बनेगा करोडपती’ अमिताभ बच्चन आणि एका पर्वापुरते शाहरुख खान यांच्या पलीकडे गेलेले नाही. मराठी करोडपतीच्या खुर्चीसमोर सचिन खेडेकर, स्वप्नील जोशी आणि नागराज मंजुळे बसले. तिघेही उत्तम, त्याबद्दल वाद नाही.

माझा प्रश्न असा आहे की ही चाचणी नेमके काय मोजते? समोरच्या बाईची कुवत, की पाहणाऱ्याची सवय? आणि कौल तिच्या विरुद्ध गेला तर वाहिनीने तो मानावा का?

रिमोट_कुणाकडे

आमच्या घरी प्रेक्षकगट एकाच सदस्याचा आहे आणि त्या म्हणजे आमच्या सासूबाई. निकाल पहिल्या जाहिरातीच्या आत लागतो आणि त्यावर अपील चालत नाही.

आरशामागची

मी काही वर्षे मुंबईत बाजार-संशोधनाच्या क्षेत्रात होते आणि अशा चाचण्या घेतल्या आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

ही कल्पना जुनी आहे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस पॉल लाझार्सफेल्ड आणि फ्रँक स्टँटन यांनी रेडिओ कार्यक्रमांसाठी एक यंत्र बनवले. श्रोत्याच्या एका हातात हिरवे बटण आणि दुसऱ्या हातात लाल बटण असे. आवडले की हिरवे दाबायचे, नावडले की लाल, आणि काहीच वाटले नाही तर काहीच दाबायचे नाही. पुढे लॉस एंजेलिसमध्ये ‘प्रिव्ह्यू हाऊस’ नावाचे चाचणीगृह निघाले आणि तिथे बटणांऐवजी ‘अतिशय कंटाळवाणे’पासून ‘अतिशय चांगले’पर्यंत फिरणारी डायल आली. तिथली एक गोष्ट मला फार आवडते. पायलट दाखवण्यापूर्वी प्रत्येक प्रेक्षकसमूहाला मिस्टर मगूचे तेच ते व्यंगचित्र दाखवत, कारण आजचा समूह मुळात हसरा आहे की आंबट चेहऱ्याचा, हे आधी समजल्याशिवाय पुढच्या आकड्यांना अर्थ नसतो.

मला जी पद्धत जास्त परिचयाची आहे ती गटचर्चेची. एका खोलीत आठ-दहा जण, टेबलावर चहा आणि बिस्किटे, समोर टीव्ही आणि एका भिंतीवर एकतर्फी आरसा. आरशामागे वाहिनीची आणि निर्मितीसंस्थेची मंडळी समोसे खात बसलेली असतात. एकदा ठाण्यात एका प्रश्नमंजूषेची चाचणी होती. संहिता तीच, सेट तोच, प्रश्नही तेच, फक्त एका चित्रफितीत सूत्रसंचालक पुरुष आणि दुसरीत स्त्री होती. उत्तर बरोबर की चूक हे सांगण्यापूर्वी दोघेही थांबत होते, कारण संहितेतच ‘विराम’ असे लिहिलेले होते. त्याच्या थांबण्यावर गटातले लोक म्हणाले, ‘उत्कंठा छान ताणतो.’ तिच्या थांबण्यावर दुसऱ्या गटातल्या एक काकू म्हणाल्या, ‘जरा अडखळते, नाही का?’ आणि बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. मला त्या संबंध दुपारीत सर्वांत जास्त लक्षात राहिले ते हे, की त्याच्याविषयी बोलताना लोक कार्यक्रमाविषयी बोलत होते आणि तिच्याविषयी बोलताना साडी, आवाज, केस आणि ‘जास्तच हसते’ यांविषयी.

हे सगळे मी अहवालात लिहिले होते. सादरीकरणात मात्र पसंतीच्या आकड्यांचा एकच तक्ता पोहोचला.

चिकित्सक

आरशामागची यांचा प्रतिसाद वाचनीय आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. वाहिनी ही समाजसुधारणेची संस्था नव्हे. मराठी मनोरंजन वाहिन्यांचा मोठा प्रेक्षकवर्ग स्त्रियांचाच आहे. त्या स्त्रियाच जर एखाद्या सूत्रसंचालिकेला नाके मुरडत असतील, तर त्यांना ‘तुमची आवड चुकीची आहे’ असे सांगणारे आपण कोण?

शिवाय तुलना काही फक्त बायकांच्या वाट्याला येत नाही. २००७ मध्ये शाहरुख खान करोडपतीच्या आसनावर बसला, तेव्हा देशातल्या सर्वांत लोकप्रिय नटांपैकी एक असूनही त्याला ‘बच्चनसाहेबांची सर नाही’ हेच ऐकावे लागले. त्याच्याही आधी, २००० साली, झी टीव्हीने ‘सवाल दस करोड का’ आणले. बक्षीस करोडपतीच्या दहापट होते आणि सूत्रसंचालनाला अनुपम खेर आणि मनीषा कोईराला अशी जोडी होती. कार्यक्रम चालला नाही. त्यात स्त्री-पुरुष दोघेही होते, मग दोष कुणाच्या माथी मारायचा?

मैत्रेयी_कोथरूड

@चिकित्सक, शाहरुखचे उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिले आहे. प्रेक्षक जुन्या माणसाशी तुलना करतात, म्हणजेच चाचणी सवय मोजते. आता ज्या आसनांवर आजवर पुरुषच बसले, तिथे त्या सवयीचा तोटा कुणाला सर्वाधिक होणार, हे उघड आहे. शाहरुखला एका माणसाशी झालेली तुलना सोसावी लागली. बाईला त्या माणसाशी होणारी तुलना सोसावी लागते आणि ‘असल्या कार्यक्रमात बाई?’ हा प्रश्न वर असतोच.

ग्रंथपाल_मिरज

तुलना करायला कुणीच नसेल तर काय होते, याचेही उदाहरण आहे. ‘द वीकेस्ट लिंक’ ही प्रश्नमंजूषा २००० साली बीबीसीवर सुरू झाली तीच मुळी अ‍ॅन रॉबिन्सन यांच्या सूत्रसंचालनाने. काळा पोशाख, चष्मा, कोरडा चेहरा आणि स्पर्धकाचा जाहीर पाणउतारा. मायाळू, हसतमुख निवेदिका असावी या अपेक्षेच्या अगदी उलट ते रूप होते आणि ते इतके गाजले की पुढल्या वर्षी अमेरिकेतही तो कार्यक्रम रॉबिन्सनबाईंनीच चालवला. जगभरच्या अनेक आवृत्त्यांत त्याच साच्यातल्या कठोर बायका आल्या. आपल्याकडे २००१ मध्ये ‘कमज़ोर कड़ी कौन’ नीना गुप्ता यांच्याकडे आले. आमच्या वाचनालयात तेव्हा त्या कार्यक्रमावर तावातावाने चर्चा व्हायची आणि त्यांतली निम्मी ‘एवढे उद्धट कुणी बोलते का’ या एकाच मुद्द्यावर असायची. पण ‘हे काम पुरुषाने करायला हवे होते’ असे कुणी म्हटल्याचे मला आठवत नाही, कारण तिथे आधी पुरुष नव्हताच.

पाटावरची_पुरणपोळी

‘कमज़ोर कड़ी’ आमच्याकडे फार दिवस टिकले नाही, हेही नोंदवून ठेवावे. मराठी घरात पाहुण्यांना अपमान करून वाटेला लावण्याची पद्धत नाही. निदान तोंडावर तरी नाही.

सुलभाताई_दादर

मैत्रेयी, तू अमेरिकेपर्यंत गेलीस, पण आपल्या घरचे पाहा. मराठी दूरचित्रवाणीवर स्त्रियांसाठी म्हणून जे कार्यक्रम झाले, त्यांचे सूत्रसंचालन कुणी केले? ‘होम मिनिस्टर’ २००४ पासून जवळपास दोन दशके चालला आणि आदेश बांदेकर महाराष्ट्राचे भावोजी झाले. ‘आम्ही सारे खवय्ये’मध्ये स्वयंपाक बायकांचा आणि ओट्याशी गप्पा मारायला प्रशांत दामले. २०२२ मध्ये ‘बस बाई बस’ आला, त्यात पाहुणी स्त्री, बसमधल्या प्रवासी स्त्रिया आणि त्यांच्यात उभा असलेला सूत्रसंचालक कोण, तर सुबोध भावे.

मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही, कारण ‘होम मिनिस्टर’ मी स्वतः आवडीने पाहिला आहे आणि तो का चालला हेही मला कळते. भावोजी घरी आले की सासूसुद्धा सुनेचे कौतुक चारचौघांत करते, लाजते, उखाणा घेते, फुगडीलाही उभी राहते. तिथे एखादी बाई सूत्रसंचालक म्हणून गेली असती, तर सासूने आधी तिचे मंगळसूत्र आणि मग तिचे सासर कोणते ते विचारले असते. दिराच्या नात्यात थट्टेला मुभा आहे, ती नणंदेच्या किंवा जावेच्या नात्यात तशी नाही. त्या कार्यक्रमाची रचनाच त्या नात्यावर उभी होती आणि कुठलीही चाचणी घेतली असती तरी कौल भावोजींच्याच बाजूने गेला असता. तो रास्तही ठरला असता.

खवय्यांच्या बाबतीत मात्र मला असे कोणतेही कारण दिसत नाही. दामल्यांची विनोदबुद्धी वगळता.

चिकित्सक

सुलभाताई, तुमचा मुद्दा माझ्या पथ्यावर पडला, धन्यवाद.

सुलभाताई_दादर

अर्धाच पडला आहे, पूर्ण वाचा. पल्लवी जोशींचे ‘सारेगमप’ विसरलात का? २००८-०९ चे ‘लिटिल चॅम्प्स’ आठवा. कार्तिकी, आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित यांच्याइतक्याच पल्लवीताई घराघरांत पोहोचल्या होत्या. पर्वामागून पर्वे त्यांनी एकटीने पेलली. आज ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ प्राजक्ता माळी चालवते आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. म्हणजे ‘मराठी प्रेक्षकाला बाई चालत नाही’ हे सरसकट विधान टिकत नाही. गाण्याला चालते, हास्याला चालते. पैशांच्या खेळाला आणि ‘बिग बॉस’च्या चावडीला चालत नाही असे वाहिन्यांनी परस्पर ठरवलेले दिसते, कारण तिथे तिला बसवून पाहिलेलेच नाही.

जुना_अँटेना

चाचणी हा प्रकारच नव्हता, त्या काळाचे चित्र वेगळे होते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षी ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ आले. भारतीय दूरचित्रवाणीवरचा पहिला गप्पांचा कार्यक्रम म्हणून त्याचे नाव घेतले जाते. तो तबस्सुम यांनी १९९३ पर्यंत, म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ चालवला. त्याच सुमारास मराठी बातम्या स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे वाचत असत. तेव्हा कुणी आरशामागे बसून ‘हिचा आवाज चालेल का’ हे ठरवले नाही. दुसरी वाहिनीच नसल्यामुळे प्रेक्षकाने वाट वाकडी करण्याचा प्रश्न नव्हता आणि पाहता पाहता सवय झाली.

नंतर ‘सुरभि’ आले. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांना लोकांची इतकी पत्रे येऊ लागली की डाक खात्याला स्पर्धांसाठी वेगळे, महाग पोस्टकार्ड काढावे लागले. ती पत्रे हीच चाचणी होती, पण कार्यक्रम सुरू झाल्यानंतरची. मला वाटते, सगळा फरक इथेच आहे.

लंडनस्थ_वैद्य

इथे बीबीसीने उलट्या बाजूने सुरुवात केली. फेब्रुवारी २०१४ मध्ये दूरचित्रवाणी विभागाचे तेव्हाचे संचालक डॅनी कोहेन यांनी जाहीर केले की यापुढे केवळ पुरुषांचा समावेश असलेले पॅनेल शो, म्हणजे पाहुण्यांच्या गटाचे विनोदी कार्यक्रम, बीबीसीवर दिसणार नाहीत. प्रेक्षकचाचणी नाही, काही नाही, सरळ नियम. त्यावर सर्वांत मार्मिक आक्षेप घेतला तो अशाच एका शोचे सूत्रसंचालक असलेल्या डारा ओ ब्रीन यांनी. स्त्रिया अवश्य आणाव्यात, पण त्याची जाहीर घोषणा केल्यामुळे आता प्रत्येक बाईकडे ‘नियमापुरती बसवलेली’ म्हणून पाहिले जाईल, असे त्यांचे म्हणणे होते.

खुर्ची मिळाली तरी प्रश्न संपत नाही, हेही इथे दिसले. ‘क्यूआय’ हा असाच एक शो २०१६ मध्ये स्टीफन फ्राय यांच्याकडून सँडी टॉक्सविग यांच्याकडे आला आणि उत्तम चालला. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःच सांगितले की त्यांना फ्राय यांच्या मानधनाच्या ४० टक्के रक्कम मिळते. जानेवारी २०२० मध्ये समीरा अहमद यांनी बीबीसीविरुद्धचा समान वेतनाचा दावा जिंकला. त्यांना ‘न्यूजवॉच’च्या एका भागाचे ४४० पौंड मिळत, तर तशाच स्वरूपाच्या ‘पॉइंट्स ऑफ व्ह्यू’साठी जेरेमी व्हाइन यांना ३,००० पौंड मिळत होते.

सुलभाताईंनी ‘बिग बॉस’चा उल्लेख केला म्हणून सांगतो. त्या कार्यक्रमाची ब्रिटिश आवृत्ती ‘बिग ब्रदर’ २००० ते २०१० अशी सलग डेव्हिना मॅकॉल यांनी सांभाळली. इथल्या लोकांना तिथे पुरुषाची कल्पना करणेच जड गेले असते.

पणजीचो_बाब

हिंदी ‘बिग बॉस’चे दुसरे पर्व २००८ मध्ये शिल्पा शेट्टीनेच केले होते की. तीही थेट ब्रिटनच्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’ची विजेती. मग २००९ मध्ये अमिताभ आले आणि २०१० पासून सलमान, तो अजून उठलेला नाही. मराठीत आधी मांजरेकर आणि मग २०२४ मध्ये रितेश देशमुख. म्हणजे आपल्याकडे बाईला बसवून पाहिले गेले होते, पण सवय लागायला दिलेली मुदत फक्त एका पर्वाची होती.

चिकित्सक

लंडनस्थ_वैद्य यांनी दिलेला ओ ब्रीन यांचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. सक्तीने आणलेल्या व्यक्तीवर प्रेक्षक आधीच संशय घेतो आणि त्या संशयाचे ओझे तिलाच वाहावे लागते. मानधनाचा मुद्दा न्याय्य आहे, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

मैत्रेयी_कोथरूड

मानधन वेगळ्या धाग्यात जाऊ शकते हे मान्य. पण वाहिनी जेव्हा एखाद्या आसनाची किंमत बसणाऱ्याप्रमाणे बदलते, तेव्हा चाचणीतल्या प्रेक्षकाने तसेच केले तर त्याचे आश्चर्य वाटायला नको, एवढे नोंदवून पुढे जाते.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितो आहे. भारतातून आईवडील आमच्याकडे आले की तेही संध्याकाळी सातला ‘जेपर्डी’ बघतात, भाषा अर्धीच कळत असली तरी. त्यामुळे २०२१ ची भानगड आम्ही घरी बसून पाहिली आहे आणि मैत्रेयी यांनी जिथे थांबवले त्याच्या पुढचा भाग जास्त बोलका आहे.

रिचर्ड्स हे स्वतः कार्यकारी निर्माते होते. कोणत्या पाहुण्याचे कोणते भाग प्रेक्षकगटांना दाखवायचे, या निवडीतही त्यांचा हात होता, असे तेव्हा वृत्तपत्रांत छापून आले. म्हणजे पेपर काढणारे, सोडवणारे आणि तपासणीसाठी गठ्ठा बांधणारे गुरुजी एकच! त्यानंतर त्यांच्या जुन्या पॉडकास्टमधली स्त्रियांविषयीची अभद्र वक्तव्ये बाहेर आली आणि निवड जाहीर झाल्यापासून दहा दिवसांच्या आत त्यांना सूत्रसंचालन सोडावे लागले. तोवर एका दिवसाचे, म्हणजे पाच भागांचे चित्रीकरण झाले होते. पुढे बियालिक आणि केन जेनिंग्ज यांनी काम वाटून घेतले आणि डिसेंबर २०२३ मध्ये बियालिक यांनी आपल्याला त्यातून कमी केल्याचे सांगितले. आता जेनिंग्ज एकटेच आहेत. ते चांगले आहेत, पण तेही याच कार्यक्रमाचे विक्रमी विजेते असल्यामुळे प्रेक्षकांना २००४ पासून परिचित होते. सवयीचा मुद्दा इथेही सुटत नाही.

चाचणी किती चुकते याचे प्रसिद्ध उदाहरण ‘साइनफेल्ड’ या गाजलेल्या अमेरिकी विनोदी मालिकेचे आहे. १९८९ मध्ये त्याच्या पायलटच्या चाचणी-अहवालात एकूण शेरा ‘कमकुवत’ असा होता. हा सूत्रसंचालनाचा कार्यक्रम नव्हे, हे मला ठाऊक आहे, तरी या धाग्याशी त्याचा एक थेट संबंध आहे. पायलटनंतर वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी मुख्य पात्रांत एक स्त्री हवीच असा आग्रह धरला आणि त्यातून इलेन हे पात्र आले. आज तिच्याविना त्या मालिकेची कल्पना करून पाहा. अधिकाऱ्यांनी अहवाल प्रमाण मानून मालिका बासनात गुंडाळली असती, तर हे घडलेच नसते.

आणि बाईला दिलेल्या मुदतीविषयी पणजीचो_बाब यांनी लिहिलेच आहे. विनोदकार जोन रिव्हर्स यांनी ‘द टुनाइट शो’ या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात जॉनी कार्सन यांच्या जागी पाहुणी म्हणून वर्षानुवर्षे यशस्वी काम केले, पण १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये फॉक्सवर त्यांचा स्वतःचा रात्रीचा शो सुरू झाला आणि पुढच्या मे महिन्यात त्यांना काढण्यात आले. २०१९ मध्ये पंजाबी वंशाच्या लिली सिंग यांना एनबीसीने शो दिला तोही रात्री दीडनंतरचा. त्या वेळेला जागे असतात ते तान्ह्या बाळांचे आईबाप आणि आमच्यासारखे भारतातल्या ऑफिसशी बोलणारे.

रिमोट_कुणाकडे

रात्री दीडची वेळ आमच्याकडे मिळाली असती तर सासूबाईंचा कौल टाळता आला असता.

अड्यारची_मराठी

चेन्नईत राहून मी या चर्चेत एक भर घालू शकते. करोडपतीच्या साच्यात बाई चालत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी ‘कोडीश्वरी’ पाहावे. डिसेंबर २०१९ मध्ये कलर्स तमिळवर ते सुरू झाले, सूत्रसंचालन राधिका सरतकुमार यांचे आणि स्पर्धक केवळ स्त्रिया. काही आठवड्यांतच कौसल्या कार्तिका या ऐकू-बोलू न शकणाऱ्या स्पर्धकाने एक कोटी रुपये जिंकले. तो भाग आम्ही शेजाऱ्यांकडे बसून पाहिला. प्रश्न पडद्यावर वाचून ती उत्तर पाटीवर लिहून दाखवत होती आणि राधिका तिच्याकडे पाहून, ओठ स्पष्ट हलवत, घाई न करता बोलत होत्या. त्या थांबण्याला कुणी अडखळणे म्हणाले नाही. आरशामागची यांच्या ठाण्याच्या काकूंचा किस्सा वाचताना मला तोच भाग आठवला.

यात राधिका यांची पूर्वपुण्याई आहे हे मान्य करायला हवे. तमिळ घरांत त्या चित्रपट आणि मालिकांमुळे अनेक दशके माहीत आहेत. नवख्या चेहऱ्याला तिथेही तितके सोपे गेले नसते.

चिकित्सक

हे उदाहरण मला ठाऊक नव्हते आणि ते दखल घेण्याजोगे आहे. तरी त्यात दोन गोष्टी एकदम बदलल्या आहेत: सूत्रसंचालिका स्त्री आणि स्पर्धकही सर्व स्त्रिया. पुरुष स्पर्धकासमोर तीच सूत्रसंचालिका असती तर काय झाले असते, हे त्यावरून सांगता येत नाही. माझा मूळ प्रश्न अजून अनुत्तरित आहे. चाचणी सदोष आहे असे आपण सगळे म्हणतो, मग पर्याय काय? टीआरपीवर सोडून द्यायचे?

आरशामागची

@चिकित्सक, टीआरपीने ‘किती’ ते कळते, ‘का’ ते कळत नाही. बार्क ही प्रेक्षकसंख्या मोजणारी संस्था, तिच्या पॅनेलमधल्या घरांत मीटर असतो आणि पाहणाऱ्या प्रत्येकाने आपापले बटण दाबायचे असते. त्यातून अमुक मिनिटाला किती जण उठून गेले ते समजेल. ते बाईला कंटाळून गेले की कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून, हे समजणार नाही.

पर्याय आहेत आणि ते महागही नाहीत. पहिला म्हणजे एकच भाग दाखवून कौल घेऊ नये. त्याच गटाला आठवड्याने पुन्हा बोलावून दुसरा भाग दाखवावा आणि दोन्ही वेळच्या पसंतीतला फरक पाहावा, कारण ओळखीने वाढणारी पसंती पहिल्या भेटीत दिसूच शकत नाही. दोन सूत्रसंचालकांची तुलना करायची असेल तर निम्म्या गटांना आधी ती आणि निम्म्यांना आधी तो दाखवावा. ‘ही आवडली का’ असे विचारण्याऐवजी कार्यक्रम संपल्यावर लोकांना नियम समजले का, कोणता प्रश्न लक्षात राहिला, स्पर्धकाची कोणती गोष्ट आठवते, हे विचारावे. सूत्रसंचालकाचे काम झाले की नाही, ते त्यातून कळते. साडीवरची मते लिहून घ्यावीत, पण ती वेगळ्या रकान्यात.

आणखी एक. अहवाल मागणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेले असेल, तर यांतले काहीही उपयोगाचे नाही. मला एकदा आरशामागून चिठ्ठी आली होती, ‘त्यांना विचारा, रात्री साडेनऊला घरातल्या पुरुषांना ही आवडेल का?’ तोवर त्या गटात कुणीही पुरुषांचा विषय काढलेला नव्हता. मी प्रश्न विचारला, आणि मग अर्थातच अर्धा तास त्याच विषयावर गेला.

जुना_अँटेना

दुसऱ्या भागाची सूचना पटली. माझ्या मते दोनही कमीच आहेत.

सुलभाताई_दादर

आरशामागची, त्या चिठ्ठीवरच्या प्रश्नाला बायकांनी काय उत्तर दिले ते सांगितले नाहीस.

आरशामागची

सुलभाताई, एकीने म्हटले की साडेनऊला आमचे हे मोबाइलमध्ये असतात, त्यांना कोण बोलते आहे तेही कळत नाही. दुसरीने म्हटले की त्यांना बातम्या हव्या असतात. बाकीच्यांनी ‘आवडणार नाही बहुतेक’ असे सांगितले आणि तक्त्यात तेवढेच आले.

चिकित्सक

असे असेल तर त्या चाचणीला मीही चाचणी म्हणणार नाही. पण दोन भाग दाखवून, क्रम बदलून, नीट प्रश्न विचारूनही कौल बाईच्या विरुद्ध गेला, तर? मैत्रेयी यांच्या पहिल्या प्रतिसादातल्या शेवटच्या प्रश्नाचे सरळ उत्तर अजून कुणी दिलेले नाही.

मैत्रेयी_कोथरूड

माझे उत्तर देते. तर तिला त्या कार्यक्रमातून बदलावे, जसे एखाद्या पुरुषाला बदलतात तसे, आणि तिच्या जागी आणखी कुणाला पाहायचे असेल त्या यादीत पुन्हा बाईचे नाव असावे. एक पुरुष पडला म्हणून ‘पुरुष चालत नाहीत’ असा निष्कर्ष ‘सवाल दस करोड का’ नंतर कुणी काढला नव्हता.

चिकित्सक

याला माझी हरकत नाही. यादी कोण करतो, यावर मात्र आपले पुन्हा भांडण होईल.

पाटावरची_पुरणपोळी

अवश्य व्हावे, फक्त रविवारी नको. त्या दिवशी ‘मास्टरशेफ’ची जुनी पर्वे बघायची असतात.